कण्हेर : फूल सुगंधी, पान विषारी

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कण्हेर ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. देवळाच्या आवारात, विहिरीच्या काठाला, वाड्याच्या फाटकाशी तिचे एखादे तरी झुडूप उभे असतेच. सकाळी परडी घेऊन निघालेल्या मुलाच्या हाताला पुष्कळदा पहिले फूल लागते ते कण्हेरीचे. चैत्र-वैशाखात विहिरीने तळ गाठलेला असतो, बांधावरचे गवत करपून गेलेले असते, तरीही कण्हेर गुलाबी, तांबड्या, पांढऱ्या फुलांनी बहरलेली दिसते. तिला पाणी फारसे लागत नाही, राखण लागत नाही आणि कुंपणही लागत नाही, कारण गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत.

या शेवटच्या गुणाचे कारण मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ते कारण म्हणजे तिच्या अंगातील विष होय. कण्हेरीच्या मुळापासून बियांपर्यंत सर्व भाग विषारी आहेत. संस्कृतात तिला ‘करवीर’ असे म्हणतात. परंतु तिची ‘अश्वमारक’ व ‘हयमार’ अशीही नावे आहेत. दोन्हींचा अर्थ घोड्याला मारणारी असा आहे. जुन्या लोकांनी हे नाव उगाच दिलेले नाही.

पान लागले, पण कोणाचे?

कण्हेरीपासून जनावरांना होणारी विषबाधा साधारणपणे पुढीलप्रमाणे घडते. गौरी-गणपतीच्या आधी घर-अंगण झाडून स्वच्छ केले जाते. वाटेवर आलेल्या कण्हेरीच्या फांद्या विळ्याने छाटून गोठ्यामागे टाकल्या जातात. दोन-तीन दिवसांत त्यांची पाने सुकतात. एके रात्री दावे सैल झालेली गाय तेथवर पोहोचते, किंवा घरातील एखादे मूल तो पाला गोळा करून भाबडेपणाने गव्हाणीत टाकते. सकाळी पाहावे तो गाय मरून पडलेली असते. अंगावर जखम नाही, आदल्या दिवशी काही आजार नाही, संध्याकाळी दूधही नेहमीइतके दिलेले.

अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो ‘पान लागले’ असा. म्हणजे साप चावला. कोणी करणीचे नाव घेतो, तर कोणी शेजाऱ्याने वैराने विष घातले असे बोलतो. बांधाचा जुना वाद उकरून निघतो आणि दोन घरांतील बोलणे तुटते. वस्तुतः या ठिकाणी खरोखरच पान लागलेले असते. फक्त ते सापाचे नसून कण्हेरीचे असते. ज्या कुटुंबाचा मीठमिरचीचा खर्च त्या एकाच गाईच्या दुधावर चालतो, त्याचे नुकसान केवळ एका जनावराचे नसते. म्हणून हे झुडूप नीट ओळखणे आणि त्याची छाटणी काळजीपूर्वक हाताळणे ही प्रत्येक गावात शिकविण्याजोगी गोष्ट आहे.

झुडपाची ओळख

कण्हेर हे सदाहरित झुडूप असून ते साधारणतः दोन ते चार मीटर उंच वाढते. भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत ते निसर्गतः आढळते. महाराष्ट्रात सह्याद्रीतून उतरणाऱ्या ओढ्यांच्या व नद्यांच्या पात्रांत, खडकांच्या फटीत व वाळूत ते आपोआप वाढलेले दिसते. पावसाळ्यात पुराचा लोंढा अंगावरून जातो आणि उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते; या दोन्ही गोष्टी ते सोसते. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला ‘नेरियम ओलिअँडर’ असे नाव दिले. भारतातील कण्हेरीच्या फुलांना विशेष सुगंध असल्यामुळे पूर्वी तिला निराळी जात मानून ‘नेरियम ओडोरम’, म्हणजे सुवासिक नेरियम, असेही म्हणत. आज या साऱ्यांची गणना एकाच जातीत केली जाते.

ओळखीच्या खुणा अशा : पाने लांब, अरुंद, चिवट व चामड्यासारखी जाड असतात. बहुधा एका पेऱ्यावर तीन-तीन पाने गोलाकार निघतात. पानाची मधली शीर जाड व ठळक असते. तिच्यापासून दोन्ही बाजूंस पुष्कळ बारीक शिरा एकमेकींना समांतर अशा कडेपर्यंत जातात. ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण जनावराच्या पोटातून निघालेला पानाचा तुकडादेखील या शिरांवरून ओळखता येतो. फुले फांद्यांच्या टोकांना झुपक्याने येतात. एकेरी फुलाला पाच पाकळ्या असून त्याच्या घशाशी झालरीसारखे तुकडे असतात. दुहेरी फुलांच्या जातीही बागांतून लावतात. फळे लांब शेंगांसारखी जोडीने येतात आणि उकलली की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात.

कण्हेर ओळखताना दोन झाडांमुळे घोटाळा होतो. पहिले झाड पिवळ्या कण्हेरीचे, ज्याला पुष्कळ ठिकाणी ‘बिट्टी’ म्हणतात. तिची पाने अधिक अरुंद असून पेऱ्यावर एकेक येतात, तोडल्यावर पांढरा चीक भळभळ वाहतो, फुले पिवळी घंटेसारखी आणि फळे हिरवी, कोनदार असतात. हे झाड मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून आलेले आहे. परंतु तेही तितकेच विषारी असून त्याच्या बिया मुलांच्या दृष्टीने विशेष घातक आहेत. दुसरे झाड निलगिरीचे. तिची पाने दिसावयास कण्हेरीसारखी लांबट असली तरी चुरगाळल्यावर तेलाचा उग्र वास येतो. कण्हेरीच्या पानांना तसा वास नसतो.

विषाचे स्वरूप

कण्हेरीत ‘ओलिअँड्रिन’ व त्याच्या जातीची अनेक द्रव्ये असतात. ही द्रव्ये हृदयावर परिणाम करणाऱ्या वर्गातील आहेत. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये ज्या ‘डिजिटॅलिस’ वनस्पतीच्या औषधी उपयोगाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले, तिच्यातील द्रव्येही याच वर्गातील. योग्य मात्रेत, वैद्यकीय देखरेखीखाली अशी द्रव्ये दुबळ्या हृदयाला आधार देतात. मात्रा ओलांडली की तीच हृदय बंद पाडतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत येथे फार थोडे अंतर असते.

हे विष काम कसे करते, ते शेतातील उदाहरणाने समजण्यासारखे आहे. सखल शेतातील पाणी उपसणारा पंप बंद पडला म्हणजे पाणी साचून पीक कुजते. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणातही असाच एक सूक्ष्म पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो व पोटॅशियम आत घेतो. कण्हेरीचे विष हा पंप बंद पाडते. पेशीत सोडियम साचते, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते, आणि रक्तात पोटॅशियम चढते. परिणामी हृदयाचे ठोके प्रथम मंद, मग अनियमित होतात व शेवटी ते थांबते.

विषाची तीव्रता ध्यानात येण्यासाठी एक हिशेब पुरे. गाई-बैलांच्या बाबतीत शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास सुमारे ५० मिलिग्रॅम वाळलेली पाने प्राणघातक मानली जातात. या मानाने ३५० किलोग्रॅम वजनाच्या गाईस १७ ते १८ ग्रॅम सुकी पाने पुरतात. एवढा पाला मुठीतही सहज मावतो. शेळ्या-मेंढ्यांचे वजनच कमी असल्यामुळे त्यांना काही थोडी पानेही पुरेशी होतात.

जनावरे ही पाने का खातात?

हिरवे पान कडू व चिवट असल्यामुळे जनावर सहसा ते खात नाही, हे खरे आहे. या एका अनुभवावर विसंबूनच शेतकरी निर्धास्त राहतो. परंतु पुढील परिस्थितीत हा भरवसा टिकत नाही.

पहिली परिस्थिती छाटलेल्या फांद्यांची. पान सुकले की जनावर पूर्वीइतके त्याला टाळीत नाही. विष मात्र सुकल्याने नाहीसे होत नाही. दुसरी परिस्थिती कडबाकुट्टीची. बांधावरचे गवत कापताना त्यात कण्हेरीची फांदी आली आणि यंत्रातून निघाली, तर जनावराला ती निवडून टाकणे शक्यच नसते. मुरघासाच्या खड्ड्यात गेलेली पानेही निर्धोक होत नाहीत. तिसरी परिस्थिती टंचाईची. दुष्काळात भुकेले जनावर मिळेल त्या हिरव्या पाल्याला तोंड लावते आणि त्या दिवसांत गावाजवळ हिरवी उरते ती बहुधा कण्हेरच. चौथी परिस्थिती नव्या जनावराची. बाजारातून विकत आणलेले किंवा कोवळ्या वयाचे जनावर अनोळखी पाल्याची चव घेऊन पाहते. पाचवी परिस्थिती निर्माल्याची. देवाला वाहिलेली फुले पायदळी येऊ नयेत म्हणून ती गाईपुढे ठेवण्याची रीत कित्येक घरांत आहे. भावना चांगली आहे. पण त्या निर्माल्यात कण्हेरीची फुले-पाने असतील तर त्या गाईचा घात होतो.

अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. धूळ व धूर सोसणारे, पाण्यावाचून तगणारे व गुरांनी न खाल्लेले झुडूप म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर मोठ्या प्रमाणात लावलेली असते. तिची छाटणी झाली की रस्त्याकडेला हिरव्या पाल्याचे ढीग पडतात. शेळ्यांसाठी फुकटचा चारा समजून कोणी तो उचलून नेऊ नये, यासाठी महामार्गालगतच्या गावांत विशेष सूचना द्यावयास हवी.

लक्षणे

पाने पोटात गेल्यावर काही तासांतच लक्षणे दिसू लागतात. जनावर चारा सोडते, रवंथ थांबतो, पोट फुगते. ते मान खाली घालून सुस्त उभे राहते. पोटात दुखत असल्यामुळे अस्वस्थ होऊन उठबस करते. पातळ शेण पडते व त्यात कधी रक्त दिसते. कान व पाय गार पडतात, अंग थरथरते. नाडी कधी अतिमंद, कधी फार जलद व अडखळत चालते. शेवटी जनावर कोसळते. पुष्कळदा एका दिवसाच्या आत मृत्यू येतो. मोठी मात्रा गेली असल्यास कोणतेही लक्षण नजरेस येण्यापूर्वीच जनावर मरून पडलेले आढळते.

तातडीने काय करावे?

संशय येताच उरलेला चारा गव्हाणीतून काढून घ्यावा व इतर जनावरांना त्यापासून दूर बांधावे. आजारी जनावराला सावलीत शांत ठेवावे. त्याला चालवू, पळवू किंवा वाहनात कोंबू नये. बिघडलेल्या हृदयावर श्रमाचा ताण पडला तर जनावर तेथल्या तेथे दगावते. तेल, ताक किंवा काढा नळीने वा बाटलीने बळेच पाजू नये. अशक्त जनावराच्या फुप्फुसात तो जाण्याचे भय असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा १९६२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

डॉक्टर येताच पहिली गोष्ट सांगावयाची ती ही की, कण्हेर खाल्ल्याचा संशय आहे. शक्य असल्यास फांदीही दाखवावी. हे सांगण्यामागे मोठे कारण आहे. दुभती गाय अशक्त होऊन बसली की दुग्धज्वराची शंका येणे स्वाभाविक असते आणि दुग्धज्वरावर शिरेतून कॅल्शियम देतात. कण्हेरीच्या विषबाधेत हृदयाच्या पेशींत कॅल्शियम आधीच वाढलेले असते; त्यात बाहेरून भर घातली तर वाचू शकणारे जनावरही हातचे जाते. गावातील अर्धवट माहितीच्या माणसाकडून परस्पर सलाइन लावून घेऊ नये, तेही याचसाठी. पशुवैद्य पोटातील विष शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा देतात, ठोके फार मंद असल्यास अ‍ॅट्रोपिनसारखी औषधे वापरतात आणि मौल्यवान जनावराच्या बाबतीत लवकर बोलावणे आल्यास पोटाची शस्त्रक्रिया करून पाला बाहेर काढतात. या सर्व उपचारांचे यश वेळेवर अवलंबून आहे.

आजारी जनावराचे दूध घरात वापरू नये, वासराला पाजू नये व संकलन केंद्रावरही घालू नये, कारण विषाचा अंश दुधात उतरू शकतो. जनावर दगावल्यास त्याचे शवविच्छेदन अवश्य करून घ्यावे. पोटात पानांचे तुकडे मिळाले म्हणजे मृत्यूचे कारण कळते, विम्याच्या दाव्यास आधार मिळतो आणि शेजाऱ्यावरील संशयही फिटतो. त्यानंतर शव खोल पुरावे. कुत्र्यांना खाऊ देऊ नये.

माणसांची काळजी

मुलांनी फुले चघळणे, काडीने दात कोरणे किंवा फांदीवर काही भाजून खाणे या साऱ्या गोष्टी धोक्याच्या आहेत. कण्हेरीचे लाकूड चुलीत घालू नये. त्याचा धूरही अपायकारक असतो. फांद्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. फुले-पाने पडलेले हौदाचे पाणी माणसांनी पिऊ नये व जनावरांनाही पाजू नये.

आयुर्वेदात करवीराची गणना उपविषांत केलेली आहे आणि त्याची शुद्धी केल्यावाचून वापर सांगितलेला नाही. म्हणून ऐकीव माहितीवरून मूळ उगाळून देणे किंवा पानांचा काढा करणे हे जिवाशी खेळण्यासारखे आहे. कोणाच्या पोटात कण्हेर गेल्यास उलटी, पोटदुखी, चक्कर व मंद नाडी ही लक्षणे दिसतात. अशा माणसाला मुद्दाम उलटी करवू नये. लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून हृदयाचा आलेख काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

देवपूजेविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. केरळात कण्हेरीला ‘अरळी’ म्हणतात. मे २०२४ मध्ये तेथील त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या देवळांतील नैवेद्य व प्रसाद यांत अरळीचे फूल वापरणे बंद केले आणि मलबार देवस्वम मंडळानेही तसाच निर्णय घेतला. यातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. फूल देवाला वाहण्यास हरकत नाही. तीर्थात, प्रसादात व नैवेद्याच्या ताटात मात्र ते येऊ नये आणि निर्माल्य खड्ड्यात पुरावे.

मग कण्हेर उपटून टाकावी काय?

तसे करण्याचे कारण नाही. ओढ्याकाठची कण्हेर आपल्या मुळांनी माती व वाळू धरून ठेवते आणि पुराचा मार सोसते. तिच्या पानांवर काही फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्या वाढतात. त्यांना हे विष बाधत नाही. उजाड, पाणी नसलेल्या जागी इतक्या कमी खर्चात फुलणारी दुसरी झाडे थोडीच आहेत. दोष झुडपाचा नसून त्याच्या जागेचा व आपल्या निष्काळजीपणाचा आहे.

गोठा, गव्हाण, पाण्याचा हौद, चाऱ्याचे बांध, शाळा व अंगणवाडी यांच्याजवळ कण्हेर लावू नये. असल्यास ती मुळासकट काढावी. इतर ठिकाणी ठेवावयाची असेल तर छाटणीच्या दिवशीच सर्व पाला गोळा करावा आणि विहीर व ओढ्यापासून दूर, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पुरावा. तो जाळू नये, उकिरड्यावर टाकू नये व गोठ्यामागे एक रात्रही राहू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने चांगला समजतो. ग्रामसभेत किंवा दूध संकलनाच्या वेळी कण्हेर, बिट्टी व निलगिरी यांची एकेक फांदी शेजारी-शेजारी ठेवावी. पेऱ्यावरची तीन पाने व समांतर शिरा प्रत्येकाला हातात घेऊन पाहू द्याव्यात. या बैठकीस स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण बहुतेक घरांत वैरण घालण्याचे, अंगण झाडण्याचे व पूजेचे काम त्यांच्याकडे असते. शेळ्या राखणाऱ्या मुलांनाही बाजूला ठेवू नये. गणपती व दिवाळीपूर्वीची साफसफाई, उन्हाळ्यातील चाराटंचाई आणि महामार्गावरील छाटणी या तीन वेळा ध्यानात ठेवून आधीच सूचना द्यावी. गोठ्याशेजारी कण्हेर असलेल्या घरांची नोंद करून तेथे प्रत्यक्ष भेट द्यावी.

एखाद्या घरी जनावर अचानक मेल्याचे कळले तर कार्यकर्त्याने प्रथम गोठ्याच्या मागे जाऊन पाहावे. तेथे सुकलेल्या फांद्यांचा ढीग सापडला तर अर्धे उत्तर मिळालेच म्हणून समजावे. मेलेली गाय परत येत नाही. पण दाव्याला बांधलेली दुसरी गाय वाचते आणि दोन शेजारी एकमेकांच्या दारात पुन्हा जाऊ शकतात.